बंदराच्या उंबऱ्यावर भाकरतुकडा

मोहिमेचा उद्देश साधा होता. लेक उंबरा ओलांडण्याआधी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा. अडचण एवढीच की लेक नौदलात अधिकारी होती, सात महिन्यांनी युद्धनौकेवरून परतत होती, आणि उंबरा म्हणजे मुंबई बंदराचं तोंड होतं. तीर्थपुरीपासून सव्वाचारशे किलोमीटर! जालना जिल्ह्यात लोखंड आहे, बियाणं आहे, मोसंबी आहे; समुद्र तेवढा द्यायचा राहून गेला.

लेकीच्या वडलांना, रामकिसनरावांना, नकार द्यायची सोय नव्हती. मागच्या खेपेला लेक अर्पिता दारात आली तेव्हा "आधी पोरीला पाणी पिऊ दे, मंग काढ तुझा तुकडा," म्हणून त्यांनीच बायकोला, झुंबरबाईंना, थांबवलं होतं. अर्धं जग ओरखडाही न लागता फिरून आलेल्या पोरीचा पाय दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या ओट्यावरून घसरून मोडला. तेव्हापासून रामकिसनराव या विषयावर मत देत नसत.

"आई, गोदीत खायचं काही आणू देत न्हाईत," अर्पितानं फोनवर बजावलं होतं.

"मंग बाहेर समुद्रातच गाठते तुला," झुंबरबाई म्हणाल्या आणि त्यांनी पीठ मळायला घेतलं.

मोहिमेचे तिसरे सदस्य अंगद. झुंबरबाईंचे धाकटे बंधू, राहणार शहागड. गोदावरीच्या काठी जन्मल्यामुळे पाण्यातलं सगळं आपल्याला कळतं, असं त्यांचं प्रांजळ मत होतं. "दाजी, पाण्याचं माझ्याकडं सोडा. बिलकुल टेन्शन घेऊ नका."

ठरल्या दिवशी सकाळी मुंबईसमोरच्या मोरा बंदरातून नाखव्याची भाड्यानं घेतलेली छोटी होडी निघाली. इंजिन धडधडत होतं, डाव्या हाताला डोंगर धुक्यातून हळूहळू वर येत होते, आणि पाणी इतकं शहाण्यासारखं वागत होतं की रामकिसनरावांना शेततळ्याची आठवण झाली.

मग किनारा सुटला.

पहिली लाट आली. होडी वर गेली. पोट खालीच राहिलं! दुसरी आली. रामकिसनरावांनी कुलदैवतापासून सुरुवात करून ओळखीचे सगळे देव घेतले. तिसऱ्या लाटेला जलतज्ज्ञ अंगद होडीच्या कडेवर ओणवे झाले.

"गोदावरी अशी न्हाई करत," ते मधल्या विश्रांतीत म्हणाले.

"पोटात कायतरी सुकं टाका भाऊ, बरं वाटंल," नाखवा सुकाणूवरून ओरडला.

अंगदनी सल्ला मनावर घेतला. आजूबाजूला सुकी अशी एकच वस्तू होती.

तासाभरानं क्षितिजावर करडी रेघ उमटली. रेघेची इमारत झाली. इमारतीमागे दुसरी, तिच्यामागे तिसरी! कठड्याला पांढऱ्या गणवेशातली माणसं ओळीनं उभी, एकसारखी.

झुंबरबाईंनी फडकं सोडलं. आत चतकोर भाकरी होती.

"अंगद्या!"

"अक्का, नाखवाच म्हणला..."

"अवो, पोरगी कोणत्या जहाजात हाय?"

जहाजाचा नंबर रामकिसनरावांनी लिहून घेतला होता. तीर्थपुरीच्या घरी, भिंतीवरच्या कॅलेंडरवर. त्यांनी उगाच खिसे चाचपले. पण इतक्या वर्षांच्या संसारात खिसे चाचपणंही बराबर समजतं.

तेवढ्यात पाणी फाडत गस्ती नौका आली. भोंगा कडाडला, "नाव पीछे लो! आगे आना मना है!"

नाखव्यानं इंजिन मंद केलं. "काका, फिरवतो. लायसन जाईल माझं."

रामकिसनराव उठले. पोहता येत नव्हतं, उभंही राहता येत नव्हतं, तरी उठले. डोलकाठीला मिठी मारून ओरडले, "साहेब! हमारी लडकी है अंदर! पुढं न्हाई येत! इथूनच नजर उतारनी है! दो मिनिट!"

भोंगा खरखरला. मग म्हणाला, "दो मिनट. हिलना नहीं."

झुंबरबाईंनी चतकोराचे तीन तुकडे केले, प्रत्येक जहाजाला एक. तुकडा डोळ्यासमोर धरला. एवढं मोठं जहाज त्यामागे झाकून गेलं. ओवाळला, टाकला. दुसरा ओवाळला, टाकला. त्या दम घ्यायला खाली बसणार, तोच भोंगा ओरडला,

"माताजी! पीछेवाला भी!"

तिसरा तुकडा समुद्रपक्ष्यानं वरच्यावर झेलला. पाठोपाठ जहाजांच्या लाटा आल्या. होडी आडवी झाली! ओवाळायला आणलेला पाण्याचा तांब्या गेला! नाखव्यानं सुकाणू गर्रकन फिरवलं, लाट पोटाखालून गेली, आणि चौघंही ओलेचिंब पण शाबूत राहिले.

सगळा समुद्र असा पार पडला. मोऱ्याच्या कोरड्या धक्क्यावर उतरताना मात्र रामकिसनरावांचा पाय मुरगळला.

संध्याकाळी गोदीच्या फाटकाबाहेर अर्पिता आली. दोन्ही पायांवर, धडधाकट.

"आई, होडीत हिरव्या लुगड्यात तूच होतीस ना? कॅप्टनसाहेब दुर्बिणीतून बघून विचारत होते, हा कोणता इशारा आहे."

"मंग? काय सांगितलंस?"

"म्हणलं, सर, घरी यायची परवानगी मिळाली." ती हसता हसता थांबली. "बाबा, लंगडून का राह्यलात?"

झुंबरबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! यांचा तुकडा राह्यलाच की!"

फाटकासमोर भाकरी कुठली? एका गाडीवर वडापाव होता. वडा अर्पितानं खाल्ला. पाव झुंबरबाईंनी नवऱ्यावरून तीनदा ओवाळला आणि दूर भिरकावला.

यावेळी रामकिसनराव "आधी पाणी पिऊ दे" म्हणाले नाहीत. अंगद मात्र पाव पडला त्या बाजूला जरा जास्तच वेळ बघत राहिले.