मधली सीट

हे खरं घडलेलं आहे. रोज सकाळी मी ज्या देवांपुढे बसते, त्यांच्यापुढे बसूनच हे लिहिते आहे, आणि तिथे बसून मला खोटं लिहिता येत नाही. कुणाला पटलंच पाहिजे असा माझा आग्रह नाही. वाचून झालं की एका परक्या माणसासाठी मनातल्या मनात हात जोडा, एवढंच.

माझं नाव अनुराधा. न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थ नावाच्या छोट्या शहरात आम्ही राहतो. माझे यजमान चंद्रहास इथे शिकायला आले आणि गवतावर संशोधन करता करता इथलेच झाले. त्यांचं नाव मी लिहिते आहे, पण लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी त्या नावाने हाक कधी मारलेली नाही. ‘अहो’वरच संसार झाला. मुलगी इरा आता ऑकलंडला असते.

घडलं ते गेल्या वर्षी, सप्टेंबरातल्या एका शनिवारी.

रात्र नव्हती. सकाळचे साडेदहा वाजले होते. लख्ख ऊन होतं.

म्हणूनच मला ते अजून विसरता येत नाही...

माझा एक नेम आहे. सासूबाईंनी घालून दिलेला. पानं वाढली की पहिला घास घेण्याआधी दार उघडायचं, उंबऱ्यात उभं राहायचं आणि विचारायचं, "कुणी अतिथी आहे का?" उत्तर आलं नाही तर दार लावून जेवायला बसायचं.

पामर्स्टन नॉर्थच्या रिकाम्या रस्त्याला मी अकरा वर्षं हे विचारत होते. मराठीत, हळू आवाजात.

हे चेष्टा करायचे. "अगं, इथे अतिथीसुद्धा अपॉइंटमेंट घेऊन येतो."

बाराव्या वर्षी उत्तर आलं.

फाटकापाशी एक जुनी कॅम्परव्हॅन उभी होती. बॉनेटमधून वाफ निघत होती. शेजारी साठी उलटलेला, दारातून वाकून आत यावं लागेल इतका उंच माणूस. गळ्यात हिरवा-सोनेरी मफलर. गाडी तापली होती, त्याला पाणी हवं होतं. मी पाणीही दिलं आणि पानही वाढलं.

ग्रॅहम त्यांचं नाव. ऑस्ट्रेलियातल्या टुवूम्बाचे. आयुष्यभर प्लंबिंगचं काम केलं, बायको गेली, मग घर भाड्याने देऊन आपल्या रग्बी संघाच्या मागे जगभर फिरू लागले. कार्डिफ, केप टाउन, ब्वेनोस आयरेस... आमटी-भात खाता खाता त्यांनी सगळं सांगितलं. त्यांना ‘अनुराधा’ म्हणता येईना. मला ‘राडा’ म्हणायचे. हे हसून हसून लोळले. या घरात आवाज न चढवणारी एकच बाई, आणि तिचं नाव राडा!

त्यानंतर ते तीन वर्षं लागोपाठ आले. सामना कधी ऑकलंडला, कधी वेलिंग्टनला, एकदा तर फेरीबोटीतून पार डनीडनला. दर वेळी आमच्याकडे जेवून, यांना सोबत घेऊन जायचे. दोन्ही देश दर वर्षी ब्लेडिस्लो कपासाठी खेळतात; हे न्यूझीलंडच्या बाजूचे, ते ऑस्ट्रेलियाच्या. व्हॅनमध्ये बसल्यापासून भांडण सुरू.

"दोन हजार दोननंतर ब्लेडिस्लो कप तुमच्या घरी आलेला नाही," हे चिडवायचे. "कपाट तरी ठेवलंय का त्याच्यासाठी?"

"कपाट रोज पुसतो," ग्रॅहम म्हणायचे.

मला त्या खेळातलं काही कळत नव्हतं. पण त्यांचं बोलणं ऐकत राहावंसं वाटायचं. म्हणायचे, आमच्याकडे रग्बी युनियन महागड्या शाळांपुरती उरली. चांगला मुलगा दिसला की दुसऱ्या प्रकारच्या रग्बीचे, लीगवाले, उचलून नेतात. इकडे न्यूझीलंडमध्ये पोरं अनवाणी, चिखलात तो लांबट चेंडू घेऊन पळतात, मग तुम्ही जिंकाल नाहीतर काय? इंग्रज नुसते लाथा मारून चेंडू उडवतात. फ्रेंच हरले तरी गातात. आणि हल्ली सामना मैदानात खेळतातच कुठे? व्हिडिओ बघणाऱ्या पंचाच्या खोलीत खेळतात.

एकदा मी विचारलं, "दर वर्षी हरतात, तर एवढ्या लांब येता कशाला?"

त्यांनी गळ्यातला मफलर सैल केला.

"जिंकताना काय, सगळेच असतात," म्हणाले. "हरताना आपलं कुणीतरी तिथे असायला हवं, राडा."

तिसऱ्या वर्षी आले तेव्हा माझा उपास होता. त्यांनी विचारलं, उपास म्हणजे नक्की काय करायचं? मी संकल्पाचं सांगितलं. उजव्या तळहातावर पळीभर पाणी घ्यायचं, आपलं नाव, ठिकाण, दिवस उच्चारायचा, काय करणार ते सांगायचं आणि पाणी ताम्हनात सोडायचं. मग ते मोडता येत नाही.

"मलाही करायचाय," ग्रॅहम म्हणाले.

मला कौतुक वाटलं. मी तांब्या-ताम्हन आणलं. त्यांनी केवढातरी तो हात पुढे केला. म्हणाले, "तो कप घरी येईपर्यंत या देशातला एकही सामना मी चुकवणार नाही."

आमच्यात संकल्पाच्या वेळी बायको नवऱ्याच्या हाताला हात लावते. म्हणजे त्यात तिचाही वाटा होतो. यांनी काय केलं... पदर घेतल्यासारखा खांद्यावर नॅपकिन टाकला, लाजल्यासारखं केलं आणि ग्रॅहमच्या कोपराला बोट लावलं.

आम्ही तिघंही हसलो.

पाणी सुटलं.

संकल्पाला मुदत लागते. उद्यापन लागतं. ‘जिवात जीव आहे तोवर’ एवढे चार शब्द मी त्यांच्याकडून वदवून घ्यायला हवे होते. मला माहीत होतं. मी हसत बसले.

पुढच्या मे महिन्यात ग्रॅहम गेले. झोपेतच. त्यांच्या मुलीचा मेल आला, तो यांनीच मला वाचून दाखवला. चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "आता नाही जायचं सामन्याला. घरीच बघू."

आणि सामन्याचा तो शनिवार आला.

आमच्या गावात वारा कधी थांबत नाही. डोंगरावर पवनचक्क्यांची रांग आहे, स्वयंपाकघरातून दिसते. त्या दिवशी मी वरण उतरवून सहज वर पाहिलं...

एकही पातं फिरत नव्हतं.

पक्ष्यांचा आवाज नाही. शेजारचा कुत्रा पोस्टमनला बघून रोज घर डोक्यावर घेतो, तो कुंपणापाशी नुसता उभा. फाटकाकडे बघत.

मी दोन पानं वाढली. दार उघडलं.

"कुणी अतिथी आहे का?"

शांतता.

आणि मग... व्हॅनचं सरकतं दार उघडतं ना, तसा लांबलचक घसरल्याचा आवाज.

रस्त्यावर व्हॅन नव्हती. काहीच नव्हतं.

मी दार लावायला घेतलं. पण लगेच लावलं नाही. कुणी आत येत असताना आपण दार धरून जेवढं थांबतो ना, तेवढी थांबले.

का थांबले... अजून सांगता येत नाही.

आत आले तर हे बाहेरचा कोट घालून टेबलाशी बसलेले. तिसरं पान त्यांनी स्वतःच मांडलं होतं.

"हे कशाला?"

"कशाला म्हणजे? उपाशी नेऊ त्याला?"

मला वाटलं, चेष्टा. पण चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. भराभर जेवत होते. मधेच मान हलवत होते, कुणाचं तरी ऐकल्यासारखी. म्हणाले, "या वेळी त्यांची पुढची फळी भक्कम आहे म्हणतो. शेवटची वीस मिनिटं टिकले तर झालं."

माझा घास हातातच राहिला.

"अहो," मी हळूच म्हटलं, "ग्रॅहम मे महिन्यात गेले ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी नेहमीच्या नजरेने.

"हो. माहीत आहे की."

आणि परत जेवू लागले.

हे उठले, हात धुतले, गाडीची किल्ली घेतली. "निघतो. ऑकलंड सहा तासांवर आहे. गाडी इराकडे लावू."

"तिकीट कुठाय?"

"त्याच्याकडे."

मी आडवी गेले. त्यांनी मला हलकेच बाजूला केलं. हात बर्फासारखा गार होता. दार उघडून गेले. मी मागोमाग धावले, तोवर इंजिन सुरू झालं होतं.

आमच्या गाडीत डावीकडची सीट माझी. मी ठेंगणी, म्हणून ती कायम पुढे ओढलेली असते. त्या दिवशी मी काचेतून पाहिलं...

सीट पार मागे सरकवलेली होती.

आणि रिकाम्या सीटवर पट्टा लावलेला होता. आडवा, ताणलेला. आत कुणी बसल्यासारखा फुगीर.

गाडी मागे येऊ लागली. आमच्या फाटकाबाहेर मोठा रस्ता आहे, हे दर वेळी तीनदा मान वळवून बघतात. त्या दिवशी एकदाही वळवली नाही. डावीकडे बघून हसत होते.

वळणावरून दुधाचा टँकर येत होता.

मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा.

"चंद्रहास!"

ब्रेक लागला. टँकर हॉर्न वाजवत इतक्या जवळून गेला की मागचा दिवा फुटून काचा माझ्या पायाशी आल्या.

मी दार उघडलं. हे दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसले होते. झोपेतून उठवल्यासारखे माझ्याकडे बघत म्हणाले, "तो म्हणाला, रस्ता मोकळा आहे, ये."

"कोण?"

त्यांनी डावीकडे पाहिलं.

खट्...

पट्टा आपोआप सुटला आणि हळूहळू वर गेला.

यांना हाताला धरून घरात आणलं. देवापुढे बसवलं. ग्रॅहमचा मला राग आला नाही, खरंच सांगते. त्यांना यांचं वाईट करायचं होतं असं मला आजही वाटत नाही. त्या माणसाने शब्द दिला होता, तो पाळत होता. आणि त्या शब्दाला माझ्या नवऱ्याचं बोट लागलं होतं.

मेलेल्याचं अपुरं राहिलेलं व्रत मागे राहिलेल्याने आपल्याकडे घ्यावं, असं आमच्यात करतात. घ्यायला दुसरं कोण होतं?

मी पाणी हातावर घेतलं. हे सवयीने हात लावायला पुढे झाले.

"लावू नका!" मी म्हटलं. "आज माझ्या हाताला हात लावायचा नाही."

मग म्हटलं, "ग्रॅहम, तुमचा संकल्प मी घेते. कप घरी येईपर्यंत मी बसेन तुमच्या शेजारी. यांचा हात सोडा."

पाणी सोडलं.

ते ताम्हनात पडल्याचा आवाज आला नाही...

ताम्हन कोरडं होतं. माझा हातही.

बाहेर ते लांबलचक घसरणं पुन्हा ऐकू आलं. दार बंद झाल्याचं. आणि एकदम वारा सुटला.

संध्याकाळी आम्ही टीव्हीवर सामना बघितला. मी माळ घेऊन बसले होते. या देशात राहून ऑस्ट्रेलियासाठी जप करणारी मी एकटीच असेन. सोफ्यावर माझ्या डाव्या बाजूची गादी दबलेली होती. मी तिकडे बघितलं नाही.

ऑस्ट्रेलिया हरली.

गादी बराच वेळ दबलेलीच राहिली. मग वर आली.

इराला मी सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आई, स्टॉप. दॅट्स सो क्रीपी. बाबा वॉज जस्ट ग्रीव्हिंग." असेलही. यांना त्या सकाळचं काही आठवत नाही. मागचा दिवा कशाने फुटला, तेही नाही. मी सांगितलं, माझ्याकडून फुटला. एवढं एक खोटं बोलले आहे.

उंबऱ्यातला नेम मी मोडलेला नाही. मोडता येत नाही. फक्त आता विचारताना आवाज फुटत नाही.

या वर्षीचा सामना पुन्हा ऑकलंडला आहे, इराच्या घरापासून चालत जाण्याइतक्या जवळच्या मैदानावर. मला जावंच लागणार. यांना म्हटलं, तुम्ही घरी थांबा. ऐकेनात. "तुला कधीपासून रग्बी कळायला लागली?" म्हणून हसले. हसण्यासारखंच आहे. पण परवा जुना सामना लागला होता, आणि पंचाने शिट्टी मारायच्या आधीच माझ्या तोंडून निघून गेलं, "चेंडू वाकडा टाकला." ... मला हे कुणीही शिकवलेलं नाही.

काल यांनी तिकिटं काढली. कागद माझ्यापुढे ठेवला. ओळीतल्या शेजारशेजारच्या जागा.

तीन.

"तीन का हो?"

"तूच म्हणालीस ना सकाळी, तीन काढा म्हणून?"

मी म्हटलं नव्हतं. सकाळी मी पोथी वाचत होते.

पण मी वाद घातला नाही. कागद देवापुढे ठेवला, वर हळदकुंकू वाहिलं. यांना एवढंच सांगितलं की तुम्ही वाटेच्या बाजूला बसायचं, आणि सामना संपेपर्यंत माझ्या पलीकडे हात न्यायचा नाही.

मधली सीट माझी.