थंड चालणारं मशीन

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या भावाच्या घरात घडली आणि मी त्याच घरात बसून लिहितोय.

भयकथांच्या या पेजवर मी बरीच वर्षं वाचत आलोय. तुम्हाला रात्रीचे बारा लागतात, ओसाड बंगला लागतो. माझ्याकडे त्यातलं काहीच नाही. सुरुवात झाली ती एका रविवारी, भर दुपारी, चौथ्या मजल्यावरच्या एका साध्या फ्लॅटमध्ये. बाहेर लख्ख ऊन होतं.

मी लिफ्टच्या देखभालीचं काम करतो. मोटर, दोर, बटणं. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. 'नव्हता' लिहावं लागतंय, यातच सगळं आलं.

दादाचं कोपऱ्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. लोकांचं सगळं काम मोबाईलवर व्हायला लागलं आणि गिऱ्हाईक आटलं. मग त्याच्या डोक्यात मायनिंगचं खूळ शिरलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मशीनला अवघड गणितं घालायची, ती सुटली की क्रिप्टोचं नाणं मिळतं. एकट्याच्या मशीनला जन्मभर काही सापडत नाही. म्हणून जगभरचे लोक आपापली मशीन एका 'पूल'ला जोडतात. पूल प्रत्येकाला कामाचे तुकडे पाठवतो आणि जे मिळेल त्यात ज्याचा त्याचा वाटा देतो. मशीन फक्त अखंड चालू राहायला हवं.

"घरबसल्या रोजंदारी आहे ही," दादा म्हणायचा.

"मग त्यालाही रविवारची सुट्टी द्या," वहिनी म्हणायची.

आई गेली तेव्हा मी शाळेत होतो. त्याच वर्षी वहिनी घरात आली. हाफ चड्डीतल्या पोराला ती थट्टेने 'अहो भावोजी' म्हणायची, तेच कायमचं राहिलं. तिचे हात नेहमी गरम असायचे. थंडीत शाळेला निघालो की ती दोन्ही तळव्यांनी माझे कान झाकून धरायची. कान गरम झाल्याशिवाय सोडायची नाही.

मला आई म्हणून जे आठवतं, ते हेच आहे.

तर त्या रविवारी आम्ही दोघे भाऊ जाहिरात बघून जुनं मशीन आणायला गेलो.

दार एका म्हाताऱ्याने उघडलं. समोरच्या खोलीत टेबलावर लोखंडी सांगाडा, त्यावर ओळीने गणितं सोडवणारी सहा ग्राफिक्स कार्डं. सगळ्यांचे पंखे फिरत होते. शेजारी एक हातोडा पडला होता. आतल्या खोलीच्या पडद्यामागे कोणीतरी खोकत होतं.

"ही झोपलीय," म्हातारा म्हणाला.

दादाने कार्डाजवळ हात नेला आणि तो चकित झाला. असली कार्डं कामाला लागली की हात ठेववत नाही.

"हे तापत कसं नाही हो?"

"थंड चालतं."

दादाचे डोळेच चमकले. भाव ठरला. मग दादा म्हणाला, "बंद करून न्यावं लागेल."

म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"तुम्हीच बंद करा. माझ्या हातून होत नाही."

दादाने बटण दाबलं. पंखे मंदावले... थांबले.

आणि आतला खोकलाही थांबला.

अर्ध्यावरच...

म्हाताऱ्याने एकदा हातोड्याकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. मग तो धडपडत आत गेला. आम्ही बराच वेळ थांबलो. हाका मारल्या. तो बाहेर आलाच नाही. शेवटी दादाने पैसे टेबलावर ठेवले आणि आम्ही सांगाडा उचलला. जिन्यात असताना वरून रडणं ऐकू आलं. एवढा मोठा माणूस, पण लहान मुलासारखा हुंदके देत होता.

"मशीनवर जीव असेल रे त्याचा," दादा म्हणाला.

आम्ही चक्क हसलो.

घरी मशीन मागच्या खोलीत ठेवलं. तिथे वहिनी शिवणकाम करायची. दादाने आधीचं सगळं पुसलं, पेनड्राईव्हवरून लिनक्स ही नवी कोरी सिस्टीम टाकली, पूलचा पत्ता भरला. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या ओळी सरकू लागल्या. काम आलं, काम झालं, काम आलं, काम झालं.

दादाने कार्डांचं तापमान बघितलं. सदतीस. सहाच्या सहा कार्डं सदतीस अंश.

"सेन्सर गंडलाय," तो म्हणाला. त्याने दुकानातून तापमान मोजायचं यंत्र आणलं. त्यावरही सदतीस. एक पंखा काढून ठेवला. तरी सदतीस. आता यात घाबरण्यासारखं काय आहे? मशीन थंड आहे, आनंद आहे. दादा आठवडाभर शेजाऱ्यापाजाऱ्यांना ते कौतुकाने दाखवत सुटला होता.

वहिनीला मात्र थंडी वाजायला लागली.

आधी स्वेटर. मग स्वेटरवर शाल. तेही उन्हाळ्यात.

"म्हातारी झाले मी," ती म्हणायची. तिचा एक केसही पिकला नव्हता.

मग एकदा संध्याकाळी ती चष्मा पुसत होती. तिची जुनी सवय... काचेवर तोंडाने वाफ सोडायची आणि पदराने पुसायचं. मी समोरच बसलो होतो. तिने काच तोंडाजवळ नेली. हाः केलं.

काच तशीच स्वच्छ राहिली.

तिने पुन्हा केलं. पुन्हा... वाफच नाही.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी टीव्हीकडे पाहिलं. 

थर्मामीटर लावला. धडधाकट माणसाचा सदतीस यायला हवा, तिचा आकडाच येईना. डॉक्टर म्हणाले, थर्मामीटर बदला. त्यांच्याकडच्यावरही आला नाही, तेव्हा म्हणाले, मशीन हल्ली काही धड मिळत नाहीत. रक्ताचे रिपोर्ट चांगले. छातीचा फोटो चांगला. माणूस चालतंय, बोलतंय, हसतंय. आजार कसला म्हणायचा?

एव्हाना मला पंखे ऐकू यायला लागले होते.

म्हणजे ऐकू तर पहिल्यापासून येत होते. पण आता त्यांचा आवाज वर-खाली व्हायचा. वहिनी जिना चढून आली की पंखे जोरात. ती झोपली की अगदी संथ... घरघर... जरा थांबून... घरघर. एकदा मी तिला काहीतरी आचरट विनोद सांगितला. ती खो खो हसली, आणि मागच्या खोलीत पंखे अडखळले.

मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "तू लिफ्ट सांभाळ."

मग ती दुपार आली. दादा दुकानात होता. माझी सुट्टी होती. मी बाहेरच्या खोलीत, वहिनी मागे शिलाई मशीनवर.

लाईट गेली.

पंखे थांबले. शिलाई मशीनही थांबलं. पण ते तर पायाने चालतं... त्याला लाईट कशाला लागते?

"वहिनी?"

मी उठलो.

मी आत गेलो. तिचं कपाळ कापडावर टेकलं होतं. एक हात चाकावर. डोळे उघडे. मी हलवलं, हाका मारल्या, नाडी शोधली. नाडी नव्हती. मी मनगट सोडून गळ्याशी बोटं लावली. तिथेही नव्हती.

मी किती वेळ तसा उभा होतो, सांगता येत नाही. मग लाईट आली. मायनिंगचं मशीन आपोआप सुरू झालं. पंखे फिरले. वहिनी मात्र हलली नाही. स्क्रीनवर लिनक्सच्या ओळी भराभर धावल्या. मग पूलला जोडतोय... जोडतोय... जोडतोय...

काम आलं.

वहिनीने डोकं उचललं.

"भावोजी, लाईट गेली होती का?"

दादाने माझ्यावर विश्वास ठेवला नाही. पुढच्याच आठवड्यात इंटरनेट गेलं. लाईट होती, पंखे फिरत होते, पण पूलकडून काम येईना. वहिनी त्याच्यासमोर ताट घेऊन येत होती. ताट आधी पडलं. नंतर ती.

नेट आल्यावर ती उठली आणि सांडलेलं पुसायला लागली. दादा भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या तोंडून एकच वाक्य आलं.

"तो खोकला..."

त्या दिवसापासून दादा दादा राहिला नाही. घरात बॅटऱ्या आल्या. दुसरं इंटरनेट आलं, मग तिसरं. बिल बघून मीटरवालासुद्धा विचारायचा, घरात कारखाना काढलाय का म्हणून. त्यात त्या नाण्याचे हाल सुरू झाले. भाव उतरला, लोक आपापली मशीन काढून घेऊ लागले. एकेक पूल बंद पडला की दादा दुसरा शोधायचा. दुसऱ्या नाण्याचं काम लावून पाहिलं, तर वहिनीचे डोळे मिटायला लागायचे. शेवटच्या पूलच्या पानावर खूप दिवस एकच मशीन दिसत होतं. आमचं.

तोही बंद होणार अशी सूचना आली, तेव्हा दादाने दुकानातला जुना कॉम्प्युटर घरी आणून त्यालाच पूल बनवलं. आता आमचाच कॉम्प्युटर काम द्यायचा, आमचंच मशीन ते करायचं. मिळकत म्हणाल तर काहीच नाही. सगळी धडपड वहिनीने चष्मा लावून खिडकीत बसावं म्हणून.

आणि वहिनीला ते नको होतं.

"जेवणाला चव नाही. झोप नाही. डोळे मिटले की नुसते आकडे दिसतात," ती म्हणायची. "मी केव्हाच संपलेय हो. बंद करा ते."

"तूच कर मग!" दादा एकदा ओरडला.

"किती वेळा गेले बटणाजवळ. हातच उचलला जात नाही."

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. लिफ्टवाल्याच्या घराला लिफ्ट नाही, यावर वहिनी फार हसायची. गेल्या वर्षी दादा नवीन बॅटरी खांद्यावर घेऊन जिना चढत होता. तिसऱ्या मजल्यावर बसला, तो उठलाच नाही. हार्ट अटॅक. त्याच्यात भुताचं काही नव्हतं. साधं मरण होतं आणि ते त्याला एकट्यालाच आलं.

वहिनीच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. तिला ते आता येतच नाही. ती भिंतीला टेकून बसून होती आणि मागच्या खोलीत पंखे किंचाळत होते. भेटायला आलेले लोक विचारत होते, हा कसला आवाज?

तेव्हापासून हे सगळं माझ्याकडे आहे. बॅटऱ्या, नेट, तो कॉम्प्युटर. मी कुठे जाऊ शकत नाही. लग्नाचा विषय मी स्वतःच बंद केला.

रोज सकाळी वहिनी एकच विचारते. "आज करताय का?"

मी दोनदा बटणावर बोट ठेवलं. शाळेत जाताना कान झाकणारे ते हात आठवले. नाही झालं माझ्याने.

गेल्या महिन्यात तीच म्हणाली, "जाहिरात द्या. घेणारा येईल, तो बंद करेल. तुम्हाला काही करावं लागणार नाही." असं म्हणून तिने दोन्ही हात माझ्या कानांवर ठेवले. पूर्वीसारखे. बर्फ परवडला असता. पण मी ते काढले नाहीत.

मी जाहिरात दिली.

काल एकाचा फोन आला. तरुण वाटला, उत्साही. दादासारखाच घाईत बोलत होता. शेवटी म्हणाला, "एकच विचारायचं होतं. खोली फार तापत नाही ना? माझ्या मुलीची अभ्यासाची तीच खोली आहे."

मी फोन कानाला लावून मागे वळलो. दारात वहिनी माझ्याकडे बघत होती. पंखे एकदम संथ झाले होते...

"नाही," मी म्हणालो. "थंड चालतं."

तुम्ही शिव्या द्याल. द्या. पण मी ठरवलंय. तो बंद करेल, त्याच क्षणी त्याचे पैसे परत करायचे आणि मशीनचे तुकडे करायचे. त्याच्या घरी काही जाऊ द्यायचं नाही. पक्कं ठरवलंय.

आज रविवार आहे. बाहेर लख्ख ऊन आहे. वहिनीने केस विंचरलेत, नवी साडी नेसलीय आणि आतल्या खोलीत जाऊन आडवी झालीय. पडदा मीच ओढून घेतला. खाली कोणीतरी गाडी लावतंय.

हातोडा टेबलावर काढून ठेवलाय.