पिनाचा कोरा दाखला

एक जुलैला आमचं माँट्रियल सगळंच्या सगळं घर बदलतं. सगळ्यांचे भाडेकरार त्याच दिवशी संपतात, मग गल्लीभर गाद्या, कपाटं आणि वैतागलेली माणसं. त्र्याऐंशी सालच्या त्या दुपारी मी भाजी घेऊन आले, तर आमच्या दाराबाहेरच्या लोखंडी जिन्याच्या वळणावर एक फ्रिज अडकला होता, आणि फ्रिजखाली एक माणूस.

"मदत नाही केलीत तरी चालेल," खालून आवाज आला, "पण हसू नका. तुम्ही हसलात की मलाही हसू येणार, मग हा सुटणार."

"आधी फ्रिजचं दार काढायचं असतं. एवढंही कळत नाही?"

"कळतं... पण उशिरा."

मी पिशवी ठेवली, खांदा लावला. त्याच्या नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब लोंबत होता आणि तो माझ्याकडेच बघत होता, मेला.

"रेमी," तो म्हणाला. "वरच्या घरात राहायला आलोय. कोपऱ्यावरच्या फ्रेंच शाळेत शिकवतो."

माझा हात सुटता सुटता राहिला. फ्रेंच मास्तर, आणि नेमका आमच्या डोक्यावर!

आम्ही अठ्ठ्याहत्तर साली इटलीहून आलो. त्याच्या आदल्याच वर्षी इथल्या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांताच्या सरकारनं कायदा केला होता, की बाहेरून आलेल्यांच्या मुलांनी फ्रेंच शाळेतच जायचं. पापा म्हणाले, इथे साहेब इंग्रजीत बोलतो, पोरगी इंग्रजीच शिकणार. म्हणून माझी धाकटी बहीण पिना चोरून इंग्रजी शाळेत गेली. तिच्यासारखी कितीतरी होती. त्यांची नावं पटावर नसायची. तपासणी आली की त्यांना चर्चच्या तळघरात नेऊन बसवायचे. मुख्याध्यापक दर वर्षी सांगायचे, काळजी नको, दाखला मिळेल. मी सतराव्या वर्षी शिलाईच्या कारखान्यात बसले, बाह्या जोडत, का तर पिनानं नर्स व्हावं. आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये स्टेजवर तिचं नाव पुकारलं, लाल फितीत बांधलेली गुंडाळी हातात दिली, टाळ्या झाल्या. घरी येऊन फीत सोडली तर कागद कोरा. दोन्ही बाजूंनी. पाच वर्षं शिकली पोरगी आणि सरकारदरबारी ती शाळेत गेलीच नव्हती.

तेव्हा मास्तराशी जपून राहायचं ठरलं होतं. पण मास्तर जपून राहू देईल तर ना. आज मीठ संपलं, उद्या कात्री हवी, परवा नुसतंच, "लोरेदाना, ऊन काय पडलंय नाही?" मी हो-नाही करून दार लावायचे... आणि दाराआड उभी राहून वर जाणारी पावलं ऐकायचे.

ऑगस्टच्या अखेरीस आमच्याकडे वर्षभराचा टोमॅटोचा रस होतो. गॅरेजमध्ये वीस पेट्या, मोठं पातेलं, घरातलं प्रत्येक माणूस कोपरापर्यंत लाल. रेमी न बोलावता आला आणि आईनं त्याला सरळ एप्रन बांधला.

"बिया काढायच्यात," मी म्हटलं. "टोमॅटोला कुरवाळायचं नाहीये."

"मग दाखवा ना नीट. हात धरून."

"हात धरला तर कामाचा राहणार नाही तो."

पिना खुदकन हसली. आणि त्यानं अगदी सहज तिला विचारलं, "मग, कॉलेज कुठलं?"

तिचा चेहरा पडला. माझं डोकंच फिरलं. तशीच लाल हातांनी घरात गेले, तो कागद आणला आणि त्याच्यापुढे आपटला.

"हे कॉलेज. तुझ्या कायद्यानं दिलेलं."

सगळं सांगितलं. तो ऐकत गेला, आणि शेवटी हळूच म्हणाला, "माझी आई वीस वर्षं मोठ्या दुकानात हातमोजे विकत होती. सख्खी बहीण आली तरी तिच्याशी इंग्रजीतच बोलायचं, असा मालकाचा हुकूम. आपल्याच गावात. एवढ्या मोठ्या इंग्रजी मुलुखात आम्ही मूठभर... कायदा नसता तर आमची भाषा आजीबरोबर पुरली गेली असती, लोरेदाना."

"तुझ्या आईवर अन्याय झाला. मान्य. मग त्याची शिक्षा माझ्या बहिणीला का? तो मालक भोगतोय का काही?"

त्यानं एप्रनला हात पुसले, कागद उचलला आणि उलटून बघितला.

"छान भांडता दोघं," पिना म्हणाली. "मला कुणी विचारलंय? मला नर्स व्हायचंय. पेशंट कुठल्याही भाषेत ओरडू दे. फ्रेंच शाळेत शेवटचं वर्ष पुन्हा करीन, वर्ष गेलं तरी चालेल, पण मला तळघरात बसायचं नाही."

सोमवारी आम्ही तिघं रेमीच्या शाळेत गेलो. तिथला मुख्याध्यापक चष्म्यावरून म्हणाला, "मागची नोंदच नाही. मग हायस्कूलच्या पहिल्या वर्षाला बसवू. बारा वर्षांच्या मुलांत."

पिना खाली बघायला लागली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात रेमीच उठला. त्याला इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "मी या कायद्याच्या बाजूनं रस्त्यावर उतरलोय सर, उद्याही उतरेन. पण भाषा वाचवायची ती काय पोरींना खाली मान घालायला लावायला? तिला शेवटच्या वर्गात घ्या. फ्रेंच मी रोज शिकवतो, नापास झाली तर जबाबदारी माझी, लिहून देतो. नाहीतर उद्यापासून माझ्या वर्गासाठी दुसरा माणूस बघा."

मुख्याध्यापकानं पेनाचं टोपण काढलं. मग त्यानं पटाचं पुस्तक ओढलं आणि पिनाचं नाव लिहिलं. पिना पुढे वाकून बघत होती. पाच वर्षांत पहिल्यांदा ती पटावर आली होती.

बाहेर बसथांब्यावर पिना मुद्दाम पुढे जाऊन उभी राहिली.

"कायदा चुकीचाच आहे," मी म्हटलं.

"कायदा हवाच आहे," तो म्हणाला. "पण तू चिडलीस ते बरोबर होतं. आणि... मला तू फार आवडतेस. चिडलेली तर जास्तच."

"म्हणजे उद्या आपली मुलं झाली, तर त्यांनी कुठल्या शाळेत जायचं तेही सरकार ठरवणार."

"आपली?"

माझे कान तापले, पण आता माघार कसली. "मला राग भाषेचा नाही रे. या देशात आले, कारखान्यात बसले, बहिणीची शाळा ठरली, तिचा कागद कोरा निघाला... मला एकदाही कुणी काही विचारलं नाही. पापांनी नाही, सरकारनं नाही."

बस आली. पिना चढली. आम्ही दोघं तिथेच.

"मग मी विचारतो," रेमी म्हणाला, आणि त्यानं लग्नाचं विचारलं.

मी बस जाऊ दिली. सावकाश विचार केला, त्याला घाम फुटेपर्यंत. मग हो म्हटलं.