कोऱ्या जागेतली मेंढरं

"माझं चित्र कुठाय?" माया दारातच ओरडली.

कराडच्या उन्हाळी चित्रकला वर्गाचं आज प्रदर्शन! भिंतीवर चित्रंच चित्रं, पण मायाची मेंढरं कुठंच नव्हती. महिनाभर मावशीकडं राहून ती इथं शिकली होती. थोड्याच वेळात तिचे आबा, जोतीराम, कवठे महांकाळहून येणार होते. त्यांनी आधीच बजावलं होतं, "चित्र भिंतीवर दिसलं तर फुडच्या सुट्टीतबी शीक. न्हाईतर चल माझ्यासंगं मेंढरामागं!"

"रडू नको गं," वर्गातली संयोगिता म्हणाली. "माझे बगळेपण नाहीत."

"आणि माझा धबधबा! किती खपलो होतो त्याच्यावर!" ऋषिराज चिडला.

चित्रकला शिकवणाऱ्या राजेश्वरीबाई पाहुण्यांना आणायला गेल्या होत्या. चित्रं लावायचं काम वर्गाची व्यवस्था बघणाऱ्या आप्पासोंकडं होतं. माणूस प्रेमळ, पण सदा घाईत आणि चष्मा कायम कपाळावर! तिघांनी त्यांनाच गाठलं.

"आवं आप्पासो, आमची चित्रं?"

"मी काय चित्रं खातो व्हय? चांगली हुती ती समदी लावली. पळा! मला पाहुण्यांच्या नाष्ट्याचं बघायचंय!"

"चोरी! नक्की चोरी!" ऋषिराज कुजबुजला.

"तुझा धबधबा कोण चोरणार रे?" संयोगिता म्हणाली.

माया मात्र भिंतीकडं टक लावून बघत होती. "आरं, हितं एकाबी चित्रात कोरी जागा न्हाई. बघा की!"

खरंच! मेंढरं, बगळे, धबधबा, तिन्ही पांढरे! जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, हे बाईंनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. कागद तेवढा कोरा सोडायचा, भोवतीनं रंग भरत जायचं आणि सावलीला खूप पाणी घातलेला फिकट निळा द्यायचा. मग कोऱ्या जागेतून मेंढरू आपोआप उभं राहतं! काय किमया होती ती! बाईंच्या हातून पहिलं मेंढरू उमटलं, तेव्हा सगळा वर्ग टाळ्या वाजवत सुटला होता.

"म्हणजे आप्पासोंना ही चित्रं अर्धवट वाटली!" संयोगितानं कपाळावर हात मारला. "पण ठेवली कुठं? विचारलं तर परत हाकलतील."

"विचारायचं कशाला? तेच दाखवतील!" ऋषिराज हसला.

त्यानं झटपट एका कागदावर निळं आभाळ रंगवलं, मधे ढग कोरे सोडले आणि कागद टेबलावर ठेवला. तिघं पडद्यामागं दडली. आप्पासो आले, कागद उचलला. "आनि एक अर्धवट! पोरं रंग वाचवत्यात का काय?" असं पुटपुटत ते मागच्या खोलीत शिरले. तिघं मागोमाग!

आत पाहुण्यांसाठी कंदी पेढे मांडले होते, शेजारी गरम भज्यांची परात होती. आणि परातीखाली अंथरली होती मायाची मेंढरं! बगळे आणि धबधबा बशांखाली होते.

"आवं, काय केलं हे!" माया परातीकडं धावली.

"आगं, अर्धी रंगवलेली हुती, म्हनून अंथरली. टेबल तेलकट व्हायला नगो."

मायानं परात सरकवली, चित्र भिंतीशी उभं धरलं. "चष्मा डोळ्यांवर घ्या. आता दारातनं बघा!"

आप्पासोंनी चष्मा खाली ओढला आणि बघतच राहिले. "आगं बया! ही तर चालाय लागली! चुकलंच पोरी माझं." पेढे राहिले बाजूला. त्यांनी स्वतःच्या हातानं तिन्ही चित्रं लावली आणि शेजारी ऋषिराजचे ओले ढगसुद्धा टांगले!

राजेश्वरीबाई पाहुण्यांना घेऊन आल्या, पाठोपाठ फेटा सावरत आबाही आले. एकेक चित्र बघत ते पुढं सरकले आणि मेंढरांपाशी खिळले.

"ही आपली चंदी मेंढी न्हवं? मानंवरचा तपकिरी डाग, त्योच!"

"तिघांनी चित्रं शोधून काढली म्हणून आज ती इथं दिसताहेत," सगळं ऐकून राजेश्वरीबाई म्हणाल्या. "शाब्बास रे पोरांनो! आणि आबा, कागद कोरा सोडायला लई धीर लागतो. तुमच्या मायाला तो आहे."

"आन् ह्यो कोपऱ्यातला डाग?" आबांनी विचारलं.

"भज्याचं त्याल," आप्पासो ओशाळून म्हणाले. सगळे खो खो हसले.

आबा हसले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते.

"फुडच्या सुट्टीत हितंच यायचं, माया. मेंढरामागं मी हाय."