दीडशे ग्रॅम कमी

आठ किलोच्या वर एक रुमालसुद्धा होडीवर चढणार नाही, असं बजावून मामा मोकळा झाला होता. उद्या सकाळी शिडाची होडी चार दिवसांच्या सफरीवर निघणार होती आणि शेडमध्ये पसारा तरी केवढा! लोकरीचे स्वेटर, रबरी बूट, मेणकापडाचे कोट, दोऱ्या. होडीवर ट्रंक चालत नाही, बाकाखाली मावत नाही. म्हणून प्रत्येकाला एकच पिशवी, पाणी न शिरणारी, तोंड गुंडाळून बंद करायची.

वजनं करायचं काम मामाच्या तेरा वर्षांच्या भाचीकडे होतं. तिला सगळे यादीबाई म्हणत. ती दात घासायच्या आधीसुद्धा यादी करते, असं तिचा मामेभाऊ ढोल्या छातीठोकपणे सांगायचा. त्याचंही बरोबरच होतं म्हणा! पण ढोल्याच्या पिशवीतून तिने सकाळपासून तीन वेळा बिस्किटांचे पुडे बाहेर काढले होते, त्याचा राग त्याला होताच.

तिचा धाकटा भाऊ, सात वर्षांचा बटण, या कटकटीतून सुटला होता. मामा त्याला घेऊन होडीची चाचणी घ्यायला गेला होता. बटणला पोहता येत नव्हतं, पण अंगात जीवरक्षक जॅकेट होतं, त्यामुळे स्वारी ऐटीत गेली.

उरलेली तीन जॅकेटं यादीबाईने एकेक करून ताणकाट्याला लावली. ही जॅकेटं पट्ट्यासारखी चपटी असतात. आत गॅसची छोटी नळी असते, पाणी लागलं की ती आपोआप उघडते आणि जॅकेट फुगतं. गेल्या वर्षी यादीबाई धक्क्यावरून पाण्यात पडली होती, तेव्हा ती ओरडायच्या आत जॅकेट फुगलं होतं. त्यामुळे या बाबतीत ती फार काटेकोर होती.

पहिलं भरलं आठशे ग्रॅम. गेल्या वर्षीच्या वहीत साडेनऊशे लिहिलेलं होतं. दुसरंही आठशे आणि तिसरंही आठशेच.

शेड सांभाळणारे काका कोपऱ्यात शीड शिवत होते. काटा जुना झालाय, ते मान वर न करताच म्हणाले. यादीबाईने एक किलोचं वजन लावून पाहिलं. काटा बरोबर एकावर थांबला. मग मात्र ती कोणाला विचारायला थांबली नाही. तिने एक जॅकेट पाण्याच्या पिंपात टाकलं आणि आकडे मोजायला लागली. दहा झाले, वीस झाले. जॅकेट बुडालं ते बुडालंच.

काकांच्या हातातली सुई खाली पडली. पावसाळ्यात दमट हवेने जॅकेटं खुंटीवरच फुगून वाया जायची, म्हणून यंदा त्यांनी सगळ्या नळ्या काढून डब्यात ठेवल्या होत्या. सफरीच्या आधी बसवू असं ठरवलं होतं आणि विसरून गेले होते. मामाला वाटलं काकांनी बघितलं असेल, काकांना वाटलं मामा बघूनच नेईल. दोघांनी एकमेकांना एका शब्दाने विचारलं नव्हतं!

“म्हणजे बटणचं पण?” ढोल्याने विचारलं. “सगळ्यांचंच,” काका म्हणाले.

यादीबाईने मामाला फोन लावला. घंटी मामाच्याच पिशवीतून ऐकू आली, कोरडा राहावा म्हणून त्याने तो आत बांधून ठेवला होता. काका मोटरबोट सुरू करायला धावले, पण ती नुसती खोकत बसली. यादीबाईने फोन काढून ढोल्याकडे फेकला, पिशवीचं तोंड पुन्हा गुंडाळलं, ती उचलली आणि बंधाऱ्यावरून धावत सुटली. ढोल्या धापा टाकत मागून येत होता.

वारा वाढला होता. होडी बंधाऱ्याच्या टोकापासून शंभरेक हातांवर कलंडून चालली होती आणि बटण अगदी कडेला बसला होता. दोघांनी घसा फोडून हाका मारल्या, हात हलवले. मामानेही आनंदाने हात हलवला आणि होडी आणखी दूर वळवायला लागला. आता बटण पडणार, एवढंच यादीबाईच्या डोक्यात घुमत होतं.

मामाचा एक नियम होता. पाण्यात काहीही पडलं, अगदी टोपी पडली तरी, होडी वळवून ते उचलायचंच. माणूस पडलं तर हात तयार हवेत म्हणून. यादीबाईने मामाची नारिंगी पिशवी डोक्यावर धरली, त्याला नीट दिसू दिली आणि होती नव्हती ती ताकद लावून समुद्रात भिरकावली.

“अगं, बाबा मारतील आपल्याला!” ढोल्या म्हणाला.

होडी वळली! तरंगणाऱ्या पिशवीकडे सरळ येऊ लागली. यादीबाईने श्वास सोडला, पण तो तेवढ्यापुरताच. पिशवी ओढायला बटण आकड्याची काठी घेऊन कडेवरून ओणवा झाला होता. कमरेपर्यंत बाहेर! हे तिनेच घडवून आणलं होतं.

“मामा, त्याला धर! जॅकेट रिकामं आहे!”

या वेळी आवाज पोचला. मामाने सुकाणू सोडलं आणि बटणची मानगूट पकडून त्याला आत खेचलं. होडी गर्रकन फिरली. बटण जिथे ओणवा होता, तिथूनच लाट आत आली.

होडी धक्क्याला लागली तेव्हा बटण फुरंगटला होता, कारण पिशवी अगदी हाताशी आलेली असताना मामाने त्याला मागे ओढलं होतं. यादीबाईने त्याला इतकं घट्ट धरलं की तो ओरडायला लागला. मग ती रडली, सगळ्यांसमोर, हुंदके देऊन. काकांनी मान खाली घालून डबा आणला. मामाने बटणचं जॅकेट उघडलं आणि रिकाम्या भोकात बोट घालून पाहिलं. सफर एक दिवस पुढे गेली, हे कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

पिशवीबद्दल बोलणी बसतील म्हणून यादीबाई माफी मागायला गेली. मामाने तिला थांबवलं. ढोल्याकडून फोन घेतला आणि तिच्या आईला लावला.

“ताई, चूक माझी आहे, आधी ऐकून घे,” तो म्हणाला. “आज मी तुझ्या मुलाला रिकामं जॅकेट घालून समुद्रात नेलं. तुझ्या मुलीने त्याला परत आणलं.”

त्याने फोन यादीबाईच्या हातात दिला आणि तोंड फिरवून डोळे पुसले.