मुडपलेला अंगठा

"अर्धा लिटरच घाला, सर आंघोळीला गेलेत!" मी पातेलं पुढे केलं.

दारातल्या मुलाच्या हातात किटली होती, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि डोळ्यांत हसू. त्यानं निमूटपणे दूध ओतलं, चपला काढल्या, हात धुतले... आणि सरळ आत येऊन सरांचा चेलो घेऊन खुर्चीवर बसला!

"अहो— त्याला हात नका लावू!"

"रोज लावतो की," तो म्हणाला. "मी राजवर्धन. वडगाव निंबाळकरचा. दूध बी घालतो आन् शिकतो बी. तुमी?"

"अबोली... इंदापूरची." माझा आवाज पार पातेल्याच्या तळाला गेला होता.

शिकायला आले त्या पहिल्याच दिवशी अशी फजिती. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, गुडघ्यांत धरून बसून वाजवायचा. श्रीपाद सरांनी चाळीस वर्षं मुंबईच्या वाद्यवृंदांत तो वाजवला आणि निवृत्त झाल्यावर बारामतीत येऊन आम्हाला छळायचं काम हाती घेतलं. त्यांनीच वापरायला दिलेलं ते धूड मी दर रविवारी एसटीतून न्यायचे-आणायचे. कंडक्टर विचारायचा, "मॅडम, आत मानूस न्हाय न्हवं?"

चार महिने एकच तार, एकच स्वर. तारेवरून गज या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचा, सर सोळा मोजेपर्यंत, जराही न थरथरता. माझा स्वर दहालाच मान टाकायचा.

"नाव अबोली म्हणून चेलोही अबोल ठेवणार आहेस का?" सर कडाडायचे. "गज धरलायस की लाटणं? अंगठा मुडप! राजवर्धनचा बघ, कसा अलगद मुडपलाय."

राजवर्धन मान खाली घालून हसायचा. मला त्याचा भयंकर राग यायचा. मग हळूहळू राग येईनासा झाला... आणि रविवारची वाट मी सोमवारपासूनच बघायला लागले. आता काय लपवायचं!

एका रविवारी सरांनी चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की समजायचं, आपलं काही खरं नाही.

"पुढच्या रविवारी सोळा झाले नाहीत तर चेलो इथेच ठेवून जायचं. वाट बघणारे दुसरे आहेत."

बाहेर येऊन मी पायरीवर बसले. डोळे भरून आले. चेलो जाणार म्हणून, आणि रविवार जाणार म्हणूनही.

"रडताय व्हय, अर्धा लिटर?" पहिल्या दिवसापासून तो मला हेच म्हणायचा.

"तुम्हाला काय! तुमचा अंगठा जन्मतःच वाकडा."

"जन्मतः न्हाय. म्हशींमुळं." तो शेजारी बसला, मध्ये किटली ठेवून. "शनिवारी आमच्याकडं या. धारांच्या वक्ताला. खरंच म्हनतोय..."

गेले मी. घरी सांगितलं, मैत्रिणीकडे जाते.

गोठ्यात ओल्या वैरणीचा वास होता. त्यानं मला म्हशीशेजारी बसवलं. मी सड धरला, पिळला, पण दुधाचा थेंब येईना.

"ताठ हात वळखती ती. पान्हा चोरती, दूध वर वढून घेती. धरा, पर आवळू नगा." त्यानं माझा अंगठा हळूच आत मुडपला. मग त्याचा हात तिथंच राहिला, जरुरीपेक्षा जरा जास्तच. बादलीत पहिली धार वाजली.

"मुडपू नगंस!" दारातून त्याच्या आई, द्वारकाबाई, गरजल्या. "अंगठा मुडपून पिळलं की सडाला दुखतंय! ह्याला सांगून सांगून माझं तोंड दुखलं, आन् आता दुसरीला बी तेच शिकवतोय! कोन हाय ही?"

"ही... अर्धा लिटर," राजवर्धन म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

म्हणजे ज्या खोडीपायी तो गोठ्यात बोलणी खायचा, तिच्यावरच सरांकडे शाबासकी मिळवत होता! मी इतकी हसले की म्हशीनं मान वळवून बघितलं.

रविवारी सर मोजू लागले. "एक... दोन..." दहा आले. पान्हा चोरू नकोस गं बाई, मी चेलोला मनातल्या मनात विनवलं. अंगठ्यावर कालची बोटं होतीच. अकरा, बारा, तेरा... सोळा! सर थांबले, तरी स्वर चालूच होता.

"अंगठा कुणी वळवला?"

"म्हशीनं, सर."

सरांनी आधी राजवर्धनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि चष्मा पुसत म्हणाले, "बरं. पुढच्या रविवारी चोवीस. दोघांनी."

बाहेर राजवर्धन किटलीच्या झाकणाशी चाळा करत उभा होता.

"आई इचारत हुती, ती पोरगी परत कवा येनार. म्हंजे... मी इचारतोय. कायमची येशील का? मला तू लई आवडतीस. सावकाश सांग. फकस्त ऐनवेळी अंगठा दाखवू नगंस."

मी उजवा हात वर केला आणि अंगठाच दाखवला. त्याचा चेहरा पडला.

"नीट बघ की," मी म्हटलं.

अंगठा मुडपलेला होता.

तो बघतच राहिला. मग असा काही हसला की किटलीचं झाकण खाली पडलं. "पर म्हशीला हात लावायचा न्हाय हां. आईचा हुकूम हाय."

"नाही लावत. धारा तू काढ."

"आन् आता तुला अर्धा लिटर म्हनायचं का न्हाय?"

"म्हण की," मी म्हटलं. "दुसरा अर्धा तू आहेस ना!"