मनाई हुकूम म्हणजे काय?

दखलपात्र गुन्हा: ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, असा गु...

"अहो, मी फक्त बाकडं सरकवलं!"

मी डोळे उघडले. कसब्यातल्या आमच्या अभ्यासिकेखाली चहाची टपरी आहे, तिथे डोळे मिटून पुटपुटत होते. समोर एक मुलगा दोन्ही हात वर करून उभा.

"तुम्हाला नाही म्हटलं. पाठांतर चाललंय. न्यायाधीशाच्या परीक्षेचं."

"सुटलो. मला वाटलं, पेठेत आता बाकड्यालाही कलम लागलं."

आमोद. कात्रजला सर्पोद्यानात शाळेच्या मुलांना साप समजावून सांगायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. चहा प्यायला, म्हणे. कात्रजहून!

अटकपूर्व जामीन:

"अटकेची वाजवी भीती असलेल्या व्यक्तीने सक्षम न्यायालयाकडे—"

"कळलं नाही."

"अटक होईल असं वाटलं, तर आधीच कोर्टात जाऊन जामीन मागायचा."

"हां. असं बोला की."

आणि हसला. मी चहात पाहिलं. चहात काही नव्हतं.

(इथे व्याख्या नाही.)

मागच्या मुलाखतीत मी कलमं धडाधड म्हणून दाखवली होती. "पाठ आहे, बाई," समोरचे सर म्हणाले होते, "पण समजलंय का?" नापास. आता शेवटची संधी. हुकली तर हिंगोलीला परत आणि बाबांनी पाहिलेल्या मुलाशी लग्न. बाबांना तसा शब्द मीच दिला होता.

आमोदला हे ठाऊक नव्हतं. सांगायचं तरी कोणत्या नात्याने...

एकतर्फी निकाल:

"नोटीस मिळूनही समोरचा आला नाही, तर कोर्ट एकाचंच ऐकून निकाल देतं."

"आणि नोटीस मिळालीच नसेल तर?"

"तर तो निकाल रद्द करून घेता येतो."

"मग अपेक्षा..." पहिल्यांदाच माझं नाव घेतलं त्याने. "टपरीवाले काका म्हणत होते, तू जाणार गावाला. लग्नाला. मला काही नोटीस आली नाही ती?"

भुरभुर पाऊस लागला. कुणीच उठलं नाही. मी सगळं सांगितलं. त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "पुस्तक मिट. मी तिसरीतला मुलगा आहे. समजाव."

रोज. पुस्तक मिटून. मी चिडायचे, तो जांभई द्यायचा, मी पुन्हा सांगायचे.

मुलाखत. तेच सर!

"तुमच्या कोर्टात एक आजी आल्यात. शेजारी त्यांची भिंत पाडायला निघालाय. तुम्ही तात्पुरता मनाई हुकूम दिलात. त्या विचारतात, साहेब, म्हणजे काय?"

जिभेवर कलम आलं. मी ते गिळलं.

"आजी, खटल्याचा निकाल लागेपर्यंत तुमच्या भिंतीला कुणी हात लावायचा नाही. शेवटी कोण जिंकेल, ते मी आज सांगत नाही. पण तोवर भिंत उभी राहील."

सरांनी चष्मा काढला. "आजी जिंकल्या का, मग?"

"पुरावा बघून सांगेन, सर."

सगळे हसले.

निकाल लागला तेव्हा आम्ही टपरीवरच होतो. यादीत माझं नाव दिसलं आणि मी ओरडले, अशी की वरच्या अभ्यासिकेच्या खिडक्या उघडल्या. शांतता राखणारी मुलं शिट्ट्या वाजवू लागली! आमोदचा हात माझ्या हातात होता. कुणी धरला, ते विचारू नका.

दुसऱ्या हाताने बाबांना फोन लावला.

"जज्ज झाली माझी पोर!" बाबा रडतच होते. "आता बघ, स्थळांची रांग लागतीय."

"बाबा, रांग नको. मुलगा मी पाहिलाय. इथं शेजारीच बसलाय."

आमोद ताठ बसला.

"दे त्याला." मी स्पीकर लावला. "काय करता हो तुम्ही?"

"काका, मी... साप सांभाळतो."

बाबा खाकरले.

"आमच्या हिरीत दोन निघालेत. कवा येता मंग?"